आईला ‘तिथं’ लावायला स्टेरॉइडची ट्यूब दिलीय. लावू द्यायची का?

कळंब्याची_कावेरी

मैत्रिणींनो, महिला विभाग आहे म्हणून मोकळेपणानं लिहिते.

आई ६३ वर्षांची, गडहिंग्लजकडे असते. पाळी जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. तिला खाज आहे. आतून नाही, बाहेरच्या कातडीवर, पुढून मागे शौचाच्या जागेपर्यंत. रात्री इतकी की उठून पडवीत बसते. कधीपासून विचारलं तर म्हणाली, “धाकट्याच्या लग्नाआधीपासनं.” म्हणजे सहा वर्षं! आणि हे मला कधी कळलं, तर महालक्ष्मीच्या दर्शनाला आली होती, रांगेत तिला उभं राहवेना तेव्हा.

इतकी वर्षं गप्प का, तर तिथली कातडी पांढरी पडलीय. तिला वाटलं कोड फुटलं. नातीचं लग्न ठरायचंय, घरात कोड आहे म्हटल्यावर स्थळं कशी येणार, म्हणून तोंड शिवून बसली. गावातल्या दवाखान्यात फक्त ‘खाज येते’ एवढंच सांगायची. तिथून दर वेळी आत ठेवायच्या गोळ्या आणि एक क्रीम मिळायचं. तीन वर्षांत एकदाही कुणी झोपवून बघितलं नाही.

आता मी राजारामपुरीत एका स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दिवा लावून दोन मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, कोड नाही, बुरशी नाही, याला लायकेन स्क्लेरोसस म्हणतात. क्लोबेटासोल ०.०५ टक्के ऑइंटमेंट लिहून दिलं. महिनाभर रोज रात्री, पुढचा महिना एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा.

ट्यूब घ्यायला गेले तर मेडिकलवाला म्हणतो, “ताई, हे जांघेत लावायचं नसतं, लई स्ट्राँग आहे.” खोक्यातल्या कागदावरही तसंच छापलंय. मावसबहीण म्हणते स्टेरॉइडनं कातडी जळते. चार दिवस झाले, ट्यूब शिलाई मशीनच्या खणात पडून आहे. काय करू?

पन्हाळा_पाऊस

लावू नकोस. अजिबात नाही. मी भोगलंय म्हणून सांगते.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मला जांघेत गजकर्ण झालं. लाजेपोटी डॉक्टरकडे गेले नाही, नवऱ्याला मेडिकलात पाठवलं. त्यानं एक ट्यूब आणली, दोन दिवसांत खाज गायब. मी खूश. सोडली की आठ दिवसांत परत, आणि आधीपेक्षा मोठं. परत लावली. असं आठ महिने. शेवटी मांड्यांपासून कमरेपर्यंत पसरलं, घरात सासूबाईंना झालं, मुलाला झालं. आणि जांघेत बाळंतपणानंतर पोटावर उठतात तसे चर पडलेत, लाल, रुंद. ते आता जन्मभर जाणार नाहीत असं सांगितलंय.

स्टेरॉइड त्या नाजूक जागी नकोच.

तांबडा_रस्सा

+१. स्टेरॉइड म्हणजे विष.

उजळाईवाडीची_उषा

आमच्याकडे तुरटीच्या पाण्यानं धुतात. कडुलिंबाचा पाला उकळून त्यात बसायचं. आजीच्या काळी कुठल्या ट्यूबा होत्या? त्यांना काय खाज येत नव्हती?

अनामिका७

@उषा, येत असणार. सांगत नव्हत्या, कावेरीच्या आईसारख्याच.

सिस्टर_निवृत्त

मी तेहतीस वर्षं वॉर्डात आणि ओपीडीत काढली, त्यातली काही त्वचेच्या विभागात. डॉक्टर नाही, पण हे पुष्कळदा पाहिलंय.

कावेरी, ट्यूब खणातून काढ. तुझ्या आईच्या आजारावर सगळीकडे पहिलं औषध हेच देतात, जोरकस स्टेरॉइड ऑइंटमेंट. डॉक्टरांनी लिहिलेलं वेळापत्रकही ठरलेलं आहे, त्यांनी मनानं काढलेलं नाही.

लायकेन स्क्लेरोससमध्ये कातडीत आतून दाह चालू असतो. कातडी पांढरी, पातळ, सिगारेटच्या कागदासारखी चुरगळल्यासारखी होते. नखानं खाजवलं की लगेच चीर पडते, रक्त साकळून जांभळे डाग दिसतात. पुढून मागे इंग्रजी आठच्या आकड्यासारखं पसरतं. पाळी गेल्यावर जास्त दिसतं, लहान मुलींनाही होतं. संसर्गजन्य नाही, नवऱ्याकडून आलेलं नाही, अस्वच्छतेमुळे झालेलं नाही. थायरॉइडसारखे स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार यांच्यात जास्त सापडतात, म्हणून थायरॉइड तपासायला सांगतात.

कोडाचं म्हणशील तर कोडात फक्त रंग जातो, कातडीचा पोत तसाच राहतो आणि शक्यतो खाज नसते. हे आईला आधी सांग. औषधाआधी.

दाह तसाच राहू दिला तर योनीचे आतले छोटे ओठ झिजून चिकटतात, योनीचं तोंड अरुंद होतं, लघवीला आणि संबंधाला त्रास होतो. ते झाल्यावर कुठलंही मलम ते परत मोकळं करत नाही. म्हणजे इथं कातडी खरी खराब होते ती औषध न लावल्यानं.

@उषा, रागावू नका, पण तुरटी नको. जंतुनाशक द्रव नको, सुगंधी साबण नको, ‘खास बायकांसाठी’ म्हणून विकतात ते वॉशही नको. साधं कोमट पाणी. धुतल्यावर साधी पेट्रोलियम जेली किंवा शुद्ध खोबरेल लावलं तर लघवी झोंबत नाही. तुमच्या आजीच्या बटव्यातलं तेवढं मी घेतलं.

उजळाईवाडीची_उषा

खोबरेल पास झालं, भरून पावले 😄

पन्हाळा_पाऊस

सिस्टर, तुमचा अनुभव मोठा, पण माझी जुनी ट्यूब आत्ता कपाटातून काढून बघितली. त्यावरही क्लोबेटासोलच लिहिलंय! तेच नाव, तेच ०.०५. मग माझी वाट लागली आणि कावेरीच्या आईला अमृत, हे कसं?

सिस्टर_निवृत्त

हाच प्रश्न विचारायला हवा होता, बरं झालं विचारलास. तुझ्या ट्यूबवर क्लोबेटासोलच्या पुढे आणखी काय आहे ते वाच.

पन्हाळा_पाऊस

ओफ्लोक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. चार-चार औषधं आहेत की हो.

सिस्टर_निवृत्त

झालं. एकात सगळं. बुरशीचं, जंतूंचं आणि वर स्टेरॉइड. स्टेरॉइड दाह दाबतं, म्हणून खाज दोन दिवसांत जाते. पण तुला होती बुरशी. दाह म्हणजे शरीराची तिच्याशी चाललेली मारामारी. ती मारामारीच थांबवली, बुरशीला रान मोकळं. शिवाय गजकर्णाची कड असते, मध्ये स्वच्छ आणि बाजूनं गोल, ती ओळखही पुसली जाते, मग डॉक्टरलाही पटकन कळत नाही. कावेरीच्या आईला बुरशी नाहीच, तिथं दाह हाच आजार. म्हणून तेच औषध तिला लागू पडतं.

आणि जागाही वेगळी. जांघेच्या घडीत, मांडीच्या आतल्या बाजूला स्टेरॉइड फार लवकर बाधतं, चर पडतात ते तिथंच. योनीच्या ओठांची आतली ओलसर बाजू त्यामानानं सोसते. म्हणूनच लावायचं ते नेमक्या पांढऱ्या भागावर, आजूबाजूला फासायचं नाही. मेडिकलवाला ‘जांघेत नको’ म्हणाला त्यात तो चुकला नाही, फक्त आजार त्याला माहीत नव्हता.

मेडिकलवाली_इचल

इचलकरंजीत माझं मेडिकल आहे, काउंटरच्या या बाजूचं सांगते.

पावसाळ्यात रोज कुणीतरी येतंच. बाई स्वतः येत नाही. पोराला पाठवते, हातात पिळून पिळून सपाट केलेली रिकामी ट्यूब, “आईनं हीच सांगितलीय.” कुणाची, कशासाठी, काही माहीत नाही. नाही म्हटलं की पोरगं समोरच्या दुकानात जातं आणि दोन मिनिटांत खिशात ट्यूब घालून माझ्यासमोरून जातं. २०१८ पासून ही स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. कागदावर.

पन्हाळा, तुझ्यासारख्या कितीतरी. लूममध्ये उभ्यानं बारा तास, घाम, परकराची नाडी घट्ट, सिंथेटिक साडी. गजकर्णाला आणखी काय पाहिजे?

पन्हाळा_पाऊस

मला शेवटी बरं वाटलं ते साध्या बुरशीच्या क्रीमनं आणि पोटातल्या गोळ्यांनी, दीड-दोन महिने लागले. क्रीम डागाच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं आणि दिसेनासं झाल्यावरही दोन आठवडे सोडायचं नाही असं सांगितलं होतं. घरातल्या सगळ्यांना एकदम औषध. टॉवेल वेगळे. माझा ‘अजिबात नाही’ मागे घेते, कावेरी.

तांबडा_रस्सा

मीपण. विष परत घेतलं.

कागलची_वैनी

आवं बायांनो, आमच्या जावंचं ऐका. तिला पण खाजच, पण ही न्हाई. पांढरं जायचं, दह्यावानी, लालबुंद सगळं. गोळ्या ठेवल्या की बरं, पंधरा दिसांनी परत. चारदा झालं. मग शिपियारला, सरकारी दवाखान्यात नेली तर तिथल्या डॉक्टरनं इचारलं, शुगरची गोळी कंची घेता? तिनं पाकीट दावलं. लघवीवाटे साखर भाईर टाकणारी गोळी निघाली. मग तिथं बुरशीला रोज पंगतच की वो!

सिस्टर_निवृत्त

वैनी, पंगत एकदम बरोबर. डापाग्लिफ्लोझिन आणि त्याच्या भावंडांचं हे ठाऊक असलेलं दुखणं आहे. गोळी हृदयाला, किडनीला चांगली, म्हणून मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. पांढरं दह्यासारखं जात असेल तर क्लोट्रिमाझोलच्या आत ठेवायच्या गोळ्या बरोबर आहेत. फ्लुकोनाझोल १५० ची एक गोळीही देतात, पण दिवस गेलेल्या बाईनं ती घ्यायची नाही.

पाळी गेल्यावर ६० च्या पुढच्या बाईला वारंवार बुरशी, तेही साखर नसताना? तिथं जरा थांबून विचार करायचा. बुरशीला इस्ट्रोजेन लागतं. त्या वयात खाज असेल तर बहुतेक वेळा दुसरंच काही असतं. कावेरीच्या आईला तीन वर्षं गोळ्या ठेवायला लावल्या, ते म्हणून खटकलं.

जयसिंगपूरकर_जी

नमस्कार. पुरुष आहे, विभाग चुकून उघडला नाही, मुद्दाम उघडला. बायको लिहायला तयार नाही. तिला पॅड वापरलं की दर महिन्याला आग होते, पाळी संपली की थांबते. हे वरच्यापैकी काय?

तांबडा_रस्सा

या या, पाटावर बसा 😂

अनामिका७

चिडवू नका गं, विचारतायत हेच पुष्कळ. जी, पॅडची सुगंधी जात असेल तर आधी ती बदला, मला त्यानंच व्हायचं. बिनवासाचं किंवा सुती कापडाचं वापरून दोन महिने बघा. ओले वाइप्स वापरत असतील तर तेही बंद. नाहीच गेलं तर दाखवा, आणि बरोबर तुम्ही जा.

गंगावेस_गौरी

थोडं अवांतर. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर आतले कपडे वाळवायचे कसे, यावर कुणी धागा काढेल का? बाहेर घातले की भुरभुर, आत घातले की कुबट. मी दमट तसेच घालत होते. आता इस्त्री फिरवूनच घालते. सासरे विचारतात, “रोज सकाळी कसली इस्त्री करतीस?” मी म्हणते, रुमाल.

मेडिकलवाली_इचल

एवढे रुमाल! सासऱ्यांना सर्दीचा संशय येत नाही?

गंगावेस_गौरी

आमच्याकडे पोह्यांत किती शेंगदाणे घातले तेवढंच बघतात.

नागाळा_पार्क_न

आधी लिहायचं नाही ठरवलं होतं, पण कावेरीच्या आईच्या औषधाचा दुसरा महिना येईल तेव्हा कामाला येईल म्हणून लिहिते.

मला हाच आजार आहे. ४१ व्या वर्षी कळला, आता ४६. ऑइंटमेंटनं तीन आठवड्यांत खाज गेली. इतकं हलकं वाटलं की मी बरी झाले म्हणून ट्यूब फेकून दिली. सहा महिन्यांनी सगळं परत, आणि या वेळी संबंधाच्या वेळी मागच्या बाजूला चिरायचं. नवऱ्याला सांगता येईना. त्याला वाटलं मी टाळतेय, मला वाटलं त्याला कळायला हवं. वर्षभर आम्ही एकमेकांशी फक्त लाइट बिलाबद्दल बोललो.

दुसऱ्यांदा डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, हा आजार मुळासकट जात नाही, ताब्यात ठेवावा लागतो. खाज नसली तरी आठवड्यातून एकदा-दोनदा लावायचंच. मध्ये मला टॅक्रोलिमसचं मलमही दिलं होतं, स्टेरॉइड नसलेलं. पहिले काही दिवस मिरची लावल्यासारखी आग! मला मानवलं नाही, कुणाला मानवतं. मी परत क्लोबेटासोलवर आले. चार वर्षं लावतेय, कातडी जळली नाही. उलट आता मऊ आहे.

एक व्यावहारिक गोष्ट: क्रीम आणि ऑइंटमेंटमध्ये फरक आहे. ऑइंटमेंट चिकट, पण त्यात टिकवण्यासाठीची रसायनं कमी, चिरेवर झोंबत नाही. मेडिकलात ‘तेच आहे’ म्हणून क्रीम दिलं तर परत करा. आणि खोबरेल, व्हॅसलीन लावून निरोध वापरू नका, फाटतो.

कळंब्याची_कावेरी

न, तू लिहिलंस ते दोनदा वाचलं. धन्यवाद म्हणणं फारच कोरडं वाटतंय.

सिस्टर, दोन प्रश्न. किती लावायचं? आई ट्यूब दिली की हाताला हळद लावावी तशी चोपडेल. आणि डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या, दर सहा महिन्यांनी दाखवत राहा, क्वचित कॅन्सर होऊ शकतो. आईनं तेवढाच शब्द ऐकला. तेव्हापासून जेवली नाही.

सिस्टर_निवृत्त

किती: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबची रेघ काढली तर साधारण अर्धा ग्रॅम येतं. तेवढं किंवा त्याच्या निम्मंच. ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरली पाहिजे. लवकर संपली तर जास्त लागतंय. पहिल्यांदा आरसा धरून तू दाखव कुठे लावायचं. आत योनीत नाही, तिथं हा आजार होत नाही. लावल्यावर हात धुवायचे.

कॅन्सर: धोका आहे, पण थोडा. शंभरात पाचपेक्षा कमी बायकांना. ऑस्ट्रेलियात ५०७ बायकांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. नियमित उपचार करणाऱ्या ३५७ जणींत एकीलाही कॅन्सर किंवा त्याच्या आधीचा कातडीतला बदल झाला नाही. अर्धवट करणाऱ्या १५० जणींत सात जणींना झाला. आईला आकडे सांगू नकोस, एवढंच सांग की ट्यूब लावणं हाच त्यावरचा उपाय आहे. न भरणारी जखम, जाड चट्टा, गाठ दिसली तर सहा महिने थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. मग कदाचित बधिर करून छोटा तुकडा काढतील, फार काही नसतं.

अनामिका७

एक विचारू? आपण सगळ्यांनी इतकं लिहिलं, पण ‘तिथं’, ‘त्या जागी’, ‘बाहेरची जागा’. बाईनं दवाखान्यात नेमकं काय म्हणायचं? योनी म्हटलं की डॉक्टर आतलं समजतात.

कागलची_वैनी

आमच्याकडं मायांग म्हणत्यात. पण पोरींनी त्यो शब्द कधी ऐकलाच न्हाई.

सिस्टर_निवृत्त

पुस्तकात भगोष्ठ आहे, तो म्हटलात तर नर्सही हसेल. ‘बाहेरच्या ओठांना खाज, आत काही नाही, पांढरं जात नाही’ एवढं म्हणा. आणि शेवटी, ‘एकदा बघता का?’ आपण विचारल्याशिवाय पुष्कळ जण बघत नाहीत.

जयसिंगपूरकर_जी

पॅड बदललं. या महिन्यात आग नाही. बायकोनं निरोप दिलाय: आभार, आणि मला पाटावर बसवल्याबद्दल विशेष आभार.

कळंब्याची_कावेरी

पाच आठवड्यांनी येतेय. अपडेट द्यायचं राहून गेलं.

कोडाचं सांगितलं तेव्हा आई काही बोलली नाही. उठून नातीच्या साड्या काढून बसली, कुठली कुणाला द्यायची त्याचा हिशेब करत. त्या रात्री पहिल्यांदा लावलं. दहाव्या दिवशी फोन आला, “काल पहाटेपर्यंत झोपले गं.” चिरा भरल्यात. पांढरेपणा आहेच, तो पूर्ण जाईलच असं नाही असं बाईंनी आधीच सांगितलं होतं. थायरॉइड थोडा वाढलेला निघाला, त्याची गोळी सुरू. पुढची तपासणी मंगळवारी. मेडिकलवाल्यालाही जाऊन सांगितलं, त्यानं आजाराचं नाव चिठ्ठीच्या मागं लिहून घेतलं.

आता गंमत ऐका. परवा ट्यूब बघितली तर जरा जास्तच चपटी. मी म्हटलं, आई, जास्त लावतेस का? तर म्हणे, “मी न्हाई. शेजारच्या काकूंना पण तसलंच होतंय, त्यांना थोडं दिलं.” कशात दिलं, तर कुंकवाच्या रिकाम्या डबीत!

मेडिकलवाली_इचल

अरे देवा. घरोघरी मेडिकल.

सिस्टर_निवृत्त

डबी परत मागव. आजच. त्यांना शुगर आहे का?

कळंब्याची_कावेरी

आहे. आणि जांघेत गोल चट्टा आहे म्हणे, कडेनं लाल.

पन्हाळा_पाऊस

कावेरी!!! डबी!!!

कळंब्याची_कावेरी

परत घेतली. काकू जरा रुसल्या, “दोन दिवसांत बरं वाटत होतं की” म्हणाल्या. मंगळवारच्या एसटीनं दोघी येतायत, दोघींचा नंबर लावलाय.